दात्यांची दुसरी बाजू

वैद्यबुवांना एकाही औषधाचं नाव धड घेता येत नसे. रक्तदाबाच्या गोळीला ते 'ती पांढरी' म्हणत आणि साखरेच्या गोळीला 'ती दुसरी पांढरी'. तरी सरकारी वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं आणि निवृत्तीनंतर गल्लीत अकरा वर्षं ते वैद्यबुवाच राहिले. कारण ते गाड्यांची नाडी बघत.

नाडी बघायची त्यांची एक रीत होती. गाडीखाली पाठीवर सरपटत जायचं. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारा लांब शाफ्ट दोन्ही हातांनी धरायचा, डोळे मिटायचे आणि तो हळूच डावी-उजवीकडे फिरवायचा. नव्या गाडीत तो जागचा हलत नाही. जुन्या गाडीत तो थोडा फिरतो आणि मग कुठेतरी 'टक्' करून अडतो. या थोड्याशा फिरण्याला वर्कशॉपमध्ये 'प्ले' म्हणत. प्ले आहे हे कुणीही सांगेल. तो नेमका कुठून आलाय, हे सांगणं अवघड. फोर-बाय-फोर गाडीत तर फारच अवघड, कारण तिच्यात गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारी. बाकीचे मिस्त्री सगळं खोलत, जमीनभर ऑइल सांडत, दोन दिवस घालवत आणि मग डोकं खाजवत बसत. वैद्यबुवा पाच मिनिटांत खालूनच ओरडत, "मागच्या जॉइंटचा क्रॉस गेलाय. बाकी कशाला हात लावू नका." खोलून बघितलं की तसंच निघे. एकदा-दोनदा नाही, वर्षानुवर्षं तसंच निघत गेलं. शेवटी साहेबांनी खोलून खात्री करायचंही सोडून दिलं.

"मला उघडायला लागत नाही," हे वैद्यबुवांचं लाडकं वाक्य. ते म्हणताना त्यांची मान बोटभर वर जायची, असं त्यांची बायको सांगते. ती असंही सांगते की घरात मात्र कुठल्या डब्यात काय आहे ते या माणसाला उघडूनही सापडत नाही.

याच वाक्यापायी त्यांचं धाकट्या भावाशी बिनसलं. त्याला आता बावीस वर्षं होत आली होती. बोलणं अगदीच बंद होतं असं नाही. लग्नाकार्यात समोरासमोर आले की एक म्हणे, "बरं आहे ना?" दुसरा म्हणे, "बरं आहे." एवढं झालं की दोघांनाही अचानक कुणीतरी दुसरीकडे बोलावत असल्याचं आठवे.

आणि हेच दोघे एके काळी एका खोलीत, एका चादरीत वाढलेले. धाकट्याला गाडी शिकवली ती वैद्यबुवांनी. वर्कशॉपमागच्या मैदानात चार रिकामी पिंपं उभी केली होती आणि त्यांच्यामधून गाडी न्यायची होती. पिंपाला धक्का लागला की वैद्यबुवा त्याच्या डोक्यात टपली मारत. धाकटा हसत सुटे आणि पुढचं पिंपही पाडे. तो लवकर शिकला. पुढे त्याला दवाखान्याच्या गाडीवर घेतलं, तेव्हा वैद्यबुवांनी सगळ्या वर्कशॉपला चहा पाजला होता.

ती गाडी म्हणजे फिकट राखाडी रंगाची, मागे आडवा बाक घातलेली फोर-बाय-फोर. डोंगरावर पाच-सहा वस्त्या होत्या. तिथून आजारी माणसं, पडलेली-मोडलेली माणसं, दिवस भरलेल्या बायका अशा सगळ्यांना खाली दवाखान्यात आणायचं, हे तिचं काम. रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे, सात मैलांचा उतार. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे होते. एक ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळे. दुसरा ओढला की गाडी 'लो'मध्ये जाई. मग ती माणसाच्या चालीने चाले, पण भिंतही चढेल इतका जोर तिच्यात येई. धाकट्याने ही गाडी चौदा वर्षं चालवली. दर रविवारी सकाळी तो ती धुवायला वर्कशॉपच्या हौदावर आणत असे. वैद्यबुवांना सुट्टी असे, तरी तेही जात. एक बादली ओती, दुसरा फडकं मारी. मग दोघे बॉनेटवर चढून बसत आणि घरून आणलेला चहा एकाच झाकणातून आळीपाळीने पीत. आजही रविवारी सकाळी वैद्यबुवांना चहा जरा कमीच गोड लागतो. साखर बायकोने बंद केलीय हे खरं, पण ते सगळं खापर साखरेवर फोडायला तयार नसतात.

बावीस वर्षांपूर्वी गाड्यांच्या वार्षिक तपासणीत दवाखान्याची गाडी त्यांच्यासमोर आली. ते नेहमीप्रमाणे खाली गेले. 'लो'चा दांडा टाकून शाफ्ट फिरवला, आणि त्यांचे हात थबकले. प्ले भलताच होता. लोचे दाते चांगलेच खाल्ले गेले होते. इतकी झीज एकाच कारणाने होते, असं त्यांना ठाम वाटलं: ड्रायव्हर गाडी रेटतो. जोराने ॲक्सिलरेटर दाबतो, नको तिथे लो लावतो, पक्क्या सडकेवरही चारही चाकं जोडून ठेवतो.

धाकटा बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "दादा, मी गाडी कधी मारली नाही रे. एकदा उघडून बघ ना."

"मला उघडायला लागत नाही," वैद्यबुवा म्हणाले.

दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर कदाचित त्यांनी उघडून बघितलंही असतं. पण हा सख्खा भाऊ. भावाला पाठीशी घातलं, असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी शेऱ्यात दोन ओळी जास्तच लिहिल्या. 'चालक वाहन बेपर्वाईने चालवतो. चालक बदलावा.' महिन्याभरात धाकट्याला पाण्याच्या टँकरवर टाकलं. सपाट रस्ता, ठरलेल्या टाक्या, ठरलेल्या वेळा. तिथेच तो निवृत्त झाला.

गाडीवर नवे ड्रायव्हर आले, गेले. वैद्यबुवा दरवर्षी तिची नाडी बघत राहिले. गंमत म्हणजे झीज तिथेच थांबली होती. दरवर्षी प्ले तेवढाच. "ड्रायव्हर बदलला आणि गाडी सुधारली," असं ते चारचौघांत सांगत. ते फिरत फिरत धाकट्याच्या कानावर जात असणार हे त्यांना माहीत होतं. जाऊ दे, असंही त्यांना तेव्हा वाटे.

मागच्या महिन्यात दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई स्वतः ती गाडी घेऊन वैद्यबुवांच्या अंगणात आल्या. नवी गाडी येणार होती. जुनी भंगारात द्यायची की वरच्या वस्तीवर अडीअडचणीला ठेवायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"तुम्ही सांगाल तसं करू," बाई म्हणाल्या. "सगळे म्हणतात, तुम्ही नुसता हात लावला की कळतं."

वैद्यबुवांनी चटई अंथरली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिकडे लक्ष न देता ते खाली सरपटले. शाफ्ट धरला, डोळे मिटले, हळूच फिरवला. हाताला काहीच कळलं नाही. शाफ्ट फिरतोय की त्यांचं मनगटच फिरतंय, हेही समजेना. गेली दोन वर्षं साखरेमुळे त्यांची बोटं बधिर होत चालली होती. कप निसटायचा, सदऱ्याचं बटण लागायचं नाही. पण शाफ्टचं कळेल, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी पुन्हा फिरवला, पुन्हा फिरवला. गाडीखाली उताणे पडून त्यांना एकदम रडू आल्यासारखं झालं.

"काय म्हणते नाडी?" बाईंनी वाकून विचारलं.

"आठवडाभर राहू दे इथे," वैद्यबुवा खालूनच म्हणाले. "घाईने सांगायची गोष्ट नाही."

बाई गेल्यावर बायको उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बटणं रोज तीच लावून देत होती, त्यामुळे तिला वेगळं काही सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, "उघडा की मग. उघडलं म्हणून कुणी फाशी देणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीची मागची बाजू ठोकळ्यांवर चढवली, गिअरबॉक्समागच्या पेटीचं ऑइल काढलं आणि खालच्या झाकणाचे बोल्ट सोडवायला घेतले. बधिर बोटांतून बोल्ट निसटत आणि छातीवर पडत. बायको बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन शेजारी पाटावर बसली. निसटलेला प्रत्येक बोल्ट ती उचले आणि मोजून डब्यात टाके. "सहा. आणखी चार राहिले. तो तुमच्या कानाजवळ पडलाय," असं तिचं चाललं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्या कामाच्या इतकी जवळ कधी बसली नव्हती. वैद्यबुवांना ते आवडलं.

दुपारी जेवणं झाल्यावर आतला जोडगिअर निघाला. एकाच तुकड्यावर दोन गिअर, एक मोठा, एक लहान. त्यातला लहान फक्त लोमध्येच कामाला येतो. त्यांनी तो रॉकेलमध्ये धुतला, फडक्याने पुसला आणि ओट्यावर उन्हात ठेवला. झीज होतीच. दाते चांगलेच पातळ झाले होते. त्यांना मनातून हायसं वाटलं. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांनी बरोबर सांगितलं होतं.

बायकोने चष्मा पुसून गिअर जवळ ओढला. "हे इकडूनच झिजलंय की. तिकडून का नाही?"

"अगं, दात्याला दोन बाजू असतात," वैद्यबुवा शिकवायच्या सुरात म्हणाले. हा सूर त्यांना फार वर्षांनी लावायला मिळत होता. "गाडी चढते तेव्हा इंजिन चाकांना ढकलतं. मग ही बाजू दाबली जाते. गाडी उतरते तेव्हा सगळं उलट. चाकं पळायला बघतात आणि इंजिन त्यांना मागून धरून ठेवतं. मग ही दुसरी बाजू दाबली जाते."

"म्हणजे हे उतरतानाच झिजलंय."

"हो."

"चढताना नाहीच?"

वैद्यबुवांनी गिअर उचलून उन्हात तिरपा धरला. चढाची बाजू जवळजवळ नवी होती. कारखान्यातल्या कातकामाच्या बारीक रेघाही तिच्यावर दिसत होत्या. उताराची बाजू मात्र आतपर्यंत गेली होती, आणि तीही एकसारखी, गुळगुळीत. कुठे टवका नाही, कुठे दणका बसल्याची खूण नाही. गाडी रेटणारा माणूस चढावर रेटतो. त्याच्या दात्यांच्या कडा तुटतात. हे दाते तसे नव्हते. हा माणूस डोंगर चढताना लोला हातही लावत नव्हता. उतरताना मात्र प्रत्येक वेळी, सातही मैल, ब्रेकवर पाय न दाबता, गाडी नुसती गिअरवर धरून माणसाच्या चालीने खाली आणत होता. ब्रेक मारला की मागे बाकावर आडवं असलेलं माणूस पुढे आदळतं. मोडलेलं हाड हलतं. बाळंतपणाच्या कळा देणाऱ्या बाईला तर ओरडण्यावाचून दुसरं काही उरत नाही.

"वरच्या वस्तीतल्या बायका मला नळावर सांगायच्या," बायको म्हणाली. "भावजींच्या गाडीतून आलं की पोटातलं पाणी हलत नाही म्हणायच्या. मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं."

"मग मी काय म्हणालो?"

"तुला गिअरमधलं काय कळतं, असं म्हणालात."

वैद्यबुवा ओट्यावर बसले. आणि मग एकेक गोष्ट त्यांच्या अंगावर आली. धाकट्याच्या काळात त्या गाडीचे ब्रेक-लायनर दोन-दोन वर्षं टिकत. तो गेल्यावर दर चार महिन्यांनी बदलावे लागत. बदलत कोण होतं? ते स्वतःच. तीसेक वेळा त्यांनी आपल्या हातांनी ते बदलले असतील. घाटातली गाडी आहे, लायनर जायचेच, म्हणत नवे बसवले. नव्या ड्रायव्हरांनी लोचा दांडा धरलाच नव्हता, ते ब्रेक दाबत आणि माणसं आदळत खाली येत होते. म्हणून लोची झीज थांबली होती. गाडी सुधारली नव्हती, फक्त माणसांना नीट आणणं बंद झालं होतं. बोटांनी बरोबर सांगितलं होतं की दाते झिजलेत. का झिजलेत, ते बोटांना कळणार नव्हतं. ते यांनी आपल्या मनाने लिहिलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आत्ताच जा," बायको म्हणाली. "सदरा बदला आधी. थांबा, बटणं मी लावते."

धाकटा पुलापलीकडे, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होता. बायको गेल्यापासून एकटाच. वैद्यबुवा जिना चढून वर गेले तेव्हा तो गॅलरीत मोडक्या खुर्चीला नवी पट्टी विणत बसला होता. थोरल्या भावाला दारात बघून तो गडबडीने उठला. त्याचा पहिला प्रश्न होता, "वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे. तिनेच पाठवलं." वैद्यबुवांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला गिअर काढून टेबलावर ठेवला. बावीस वर्षांनी आलेल्या माणसाने चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी बोलाव्यात, पण त्यांना एकही सुचली नाही. "तुझ्या गाडीचा आहे. 'लो'चा."

धाकट्याने गिअरकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "उघडलीस?"

"उघडली."

त्याने खिडकीजवळ जाऊन दात्यांवरून अंगठा फिरवला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. त्याला त्यातलं कळत होतं. वैद्यबुवांनीच तर शिकवलं होतं.

"माझं चुकलं," वैद्यबुवा म्हणाले. "तू गाडी मारली नव्हतीस. तू ती धरून उतरवत होतास. मी न उघडता लिहिलं, आणि साफ खोटं लिहिलं." एवढं बोलून ते उभेच राहिले. येताना पुलावर त्यांनी मनाची तयारी केली होती. तो शिव्या देईल, द्याव्यात. चालता हो म्हणेल, म्हणावं. सगळं ऐकून घ्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

धाकटा म्हणाला, "म्हणजे मी खराब केली नव्हती?"

"नाही."

"नक्की ना, दादा?"

वैद्यबुवांना त्या विचारण्याचा अर्थ लागेना. "अरे, तुला तर माहीतच होतं की."

"पहिलं वर्षभर माहीत होतं," धाकटा म्हणाला. "तुझ्यावर इतका चिडलो होतो की टँकर चालवताना एकटाच भांडायचो. मग ऐकू यायला लागलं, ड्रायव्हर बदलल्यापासून गाडी उत्तम चाललीय, झीज थांबली. आणि तुझं निदान चुकलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. मग म्हटलं, माझाच पाय जड असणार. आपल्यालाच कळलं नाही. चौदा वर्षं आपण दवाखान्याची गाडी खात होतो." तो गिअर घेऊन खुर्चीवर बसला. अर्धवट विणलेली पट्टी त्याच्या वजनाने खाली झुकली. "लग्नात वगैरे तू दिसलास की तोंड लपवावंसं वाटायचं. तू इतकं करून शिकवलंस, आणि मी हे केलं."

वैद्यबुवा बावीस वर्षं समजत होते की धाकट्याने मनात अढी धरलीय. राग निवळला की येईल आपण होऊन, असं म्हणत ते घरी बसून राहिले होते. आता त्यांनी भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि धाकट्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसले.

"त्या बायकांना मी तसं आणायचो," धाकटा दात्यांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "हळू, गिअरवर धरून. ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"गाडीच्या दृष्टीनेही?"

"गाडीचा एक गिअर झिजला. एवढ्या वर्षांत एकच. नवा घातला की ती अजून दहा वर्षं डोंगर चढेल-उतरेल. डॉक्टरीणबाईंना मी तसंच सांगणार आहे, आणि कुणामुळे तेही सांगणार आहे."

खाली शिंप्याचं मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. धाकट्याने गिअर मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"परत एकदा सांग," तो म्हणाला.

वैद्यबुवांनी परत सांगितलं. त्या दुपारी त्याने तीन वेळा विचारलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी सांगितलं.